पुस्तिकेत नसलेला रस्ता

रस्ते मोजत फिरतो म्हणून ज्याला सगळे मोजपट्टी म्हणायचे, त्याचं नदीपलीकडे काहीतरी आहे, अशी बातमी आमच्या गल्लीत चांगली दोन उन्हाळे टिकली. पुरावे भक्कम होते. महिन्यातल्या एका रविवारी हा गृहस्थ सायकलवाल्यांच्या क्लबाला चुकवून एकटाच निघायचा, तोही गुळगुळीत दाढी करून. परतायचा तेव्हा बुटांना चिखल, हँडलच्या पिशवीत रानफुलं आणि चेहऱ्यावर पन्नाशीला न शोभणारं समाधान. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी तर ती बाई विधवा असून तिचं घर काठावरच आहे, इथपर्यंत कापड बेतलं होतं.

बातमी फिरत फिरत त्याच्या बायकोच्या कानावर गेली. ती काकूंकडे बाहीचं माप द्यायला बसली होती. "वळणं मोठ्याने मोजणारा माणूस दुसरी कोण सहन करील?" एवढंच म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला. घरी गेल्यावर मात्र तिने छडा लावलाच. बाई नव्हती. रस्ता होता.

मोजपट्टी धंद्याने बाइंडर. छापखान्याच्या मागच्या खोलीत एक लांबट टेबल, कागद कापायचं यंत्र, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि सरसाचा असा वास की याने नवीन शर्ट घातला तरी तो जुनाच वाटावा. आठवडाभर शिलाई, आणि रविवारी डोंगरात जाऊन रस्ते मोजायचे. मोजलेले रस्ते तो क्लबासाठी एका पुस्तिकेत उतरवायचा. पाठीच्या खिशात मावेल एवढी, घामाने अक्षर फुटू नये म्हणून पानांना मेण चोळलेली. कुठल्या पुलानंतर डावीकडे वळायचं, नळ कुठे आहे, कुत्रा कुठे आहे, कुत्रा बांधलेला असतो की नाही, कुठल्या उतारावर खडी सांडलेली असते, सगळं त्यात असायचं. चढांच्या त्याने तीन जाती पाडल्या होत्या: गाणं म्हणता येईल असा, बोलता येईल असा, आणि तिसरा, ज्यावर शिवीसुद्धा पुरी होत नाही. क्लबातले लोक एकमेकांना याच भाषेत घाबरवायचे.

पुस्तिकेत सतरा नंबरनंतर थेट एकोणीस यायचा. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, बांधताना पान गळलं. ज्याच्या हातून आयुष्यात पान गळलं नाही, त्याने ही थाप नऊ वर्षं खपवली.

तर हा अठरा नंबर. एक चढ, मग उतार, मग नदीवरचा जुना लोखंडी पूल, आणि पुलापलीकडे अकरा किलोमीटर नुसती दरी. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर, मधून सायकलपुरता गुळगुळीत रस्ता. शेवटी एक बंद पडलेली दगडाची खाण. रस्ता तिथेच संपायचा, त्याच वाटेने परत. म्हणूनच तिकडे कुणी फिरकत नसे. छापलं तर पुढच्याच रविवारी क्लबाच्या चाळीस सायकली येतील, मग चहाची टपरी येईल, मग बाटल्या. असं तो स्वतःला सांगायचा, आणि त्यात काही खोटंही नव्हतं.

बायकोला हे कळलं तेव्हा तिचं वय सेहेचाळीस, आणि सायकल चालवायला शिकून दोन महिने झाले होते. मुली शिकायला बाहेर गेल्यावर घरात फार शांतता झाली म्हणून शिकली. रुसली वगैरे नाही. मला तिकडे न्या, एवढंच म्हणाली.

तो म्हणाला, नेतो की. पण आधीचा चढ तिसऱ्या जातीचा आहे, जरा सराव होऊ दे. तिने सराव केला. मग तो म्हणाला, नदी भरलेली असताना जाऊ, आत्ता नुसते दगड दिसतात. नदी भरली, तेव्हा म्हणाला, रस्ता ओला आहे, घसरशील. थंडीत दरीत ऊन उशिरा येतं. उन्हाळ्यात लवकर. ती पुस्तिकेतले रस्ते एकेक करून पुरे करत गेली, आणि याचं आपलं पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात. तिला तो रस्ता पहिल्यांदा दिसावा तो त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवशी, असं त्याच्या मनात होतं म्हणे. मनात आणखी एक होतं, ते त्याने फार उशिरा कबूल केलं: तिथे गेलं की तो कुणाचा नवरा, बाप, बाइंडर काही नसायचा. ते त्याला वाटून घ्यायचं नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका शनिवारी क्लबाच्या बैठकीला रस्ते खात्याचा एक साहेब आला. जुने पूल खिळखिळे झालेत, सगळे दुरुस्त करणं जमणार नाही. सायकलवाले, पायी फिरणारे जिथे जातात तेवढे राखायचे, बाकीचे उतरवायचे. आपण कुठे कुठे जाता? क्लबाचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर. तो प्रत्येक काम दात उपटल्यासारखं उरकतो. त्याने साहेबाच्या हातात पुस्तिका ठेवली आणि म्हणाला, सगळं यात आहे.

साहेब मात्र चोख निघाला. पानं चाळून त्याने विचारलं, यात नसलेला एखादा रस्ता आहे का, आपण जाता असा? आणि ज्याने पुस्तिका बांधली त्याच्याकडे पाहिलं.

मोजपट्टी म्हणाला, "नाही."

नऊ वर्षं हेच उत्तर तो देत आला होता. जीभ आपोआप तिकडे वळली. घरी जाताना त्याला आठवलं की अठरा नंबरलाही पूल आहे. सोमवारी जाऊन सांगू म्हणाला. सोमवारी वह्यांचं मोठं काम आलं. पुढच्या सोमवारी वाटलं, खात्याची कामं कधी एवढ्या लवकर होतात का?

याच वेळी झाली.

चार महिन्यांनी, हवा कोरडी, नदी भरलेली, ऊन बेताचं, असा दिवस त्याला एकदाचा पसंत पडला. दोघं निघाली. ज्या चढाचा तिला दोन वर्षं बागुलबुवा दाखवला, त्यावर तिने मावसबहिणीच्या घरातलं वाटणीचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजूंच्या संवादांसकट सांगितलं. तो मागून धापा टाकत हुंकार देत होता. उतार संपला, वळण आलं, आणि समोर मातीचा ढीग, सिमेंटचे दोन ठोकळे, पत्र्याची पाटी. त्यामागे पाण्यात नुसते खांब. वरचं सगळं काढून नेलेलं.

पलीकडे रस्ता दिसत होता. झाडांखालून पाण्याच्या कडेने थोडा जाऊन डोंगरामागे वळत होता.

"त्या वळणापुढे काय आहे?" तिने विचारलं.

तो उत्साहाने सांगायला लागला की आधी एक उंच कडा येतो, आणि मग…

"नका सांगू," ती म्हणाली. "ऐकून काय करू?"

तेव्हा तिथेच, सायकलीला टेकून, त्याने साहेबाला दिलेलं उत्तर तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पिशवीतलं केळं काढलं, सोललं, अर्धं त्याला दिलं. मग म्हणाली, "साहेबाला नाही म्हणालात ते चुकून. मला दोन वर्षं म्हणत होतात, ते?"

परतीच्या चढावर ती गप्प राहिली. चढ बोलता येईल असाच होता.

दुसऱ्या दिवशी तो काम टाकून खात्यात गेला. आपण तिथे नऊ वर्षं जात होतो, पूल परत टाका, म्हणाला. कारकून सज्जन होता. त्याने फाइल उघडली आणि आतून त्याचीच पुस्तिका काढली, त्याच्याच हातची शिलाई, त्याचंच मेण. यात असतं तर राहिला असता, म्हणाला. वर सहज विचारलं, ही बांधली कुणी? एक पान हलत नाही.

त्यानंतर तो रविवारी निघतो, पण एकटा नाही. बायको बरोबर असते, पुढे असते. "ते बघ" म्हणायची त्याला सवय लागलीय. ती बघते, कधी मान हलवते, कधी नाही.

नव्या पुस्तिकेचं काम चालू असताना दातांचा डॉक्टर बाइंडिंगच्या खोलीत आला. हकिकत तोवर सगळ्या क्लबात पसरली होती. शिकंज्यावर कोपर टेकून तो बराच वेळ हळहळला. मग समजूत घालावी तसं म्हणाला की काही म्हणा, तुम्ही तरी नशीबवान, नऊ वर्षं एवढी दरी एकट्याने भोगलीत, आमच्या वाट्याला तेही नाही.

मोजपट्टीने सुईत दोरा ओवला आणि वर न बघता म्हणाला, "भोगली कसली, डॉक्टर? नऊ वर्षांत तिथे एकदाही कुणाला 'ते बघ' म्हणता आलं नाही."