लिमातल्या त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर नव्हतो

भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठणारा माणूस. नोकरीही तशीच — इथे जर्मनीत, आखनला एका कंपनीत गिअरबॉक्सचे आवाज आणि कंपनं मोजतो. सेन्सरवर येत नाही ते नाही, विषय संपला. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण दुसऱ्या कुणाला सांगायची सोयच उरली नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, निखिल आणि केतकी, तिघं मास्टर्सला होतो आणि एकाच शेअर्ड फ्लॅटमध्ये राहायचो. ते दोघं पुण्याचे, मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. इंजिनीअरिंगला पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणालातरी "मी आलतो की" म्हणालो, आणि पुढची चार वर्षं अख्खं हॉस्टेल मला 'अल्टो' म्हणत होतं. तेव्हापासून मी भाषेला इस्त्री मारून घेतली. इतकी कडक की बोलणंच कमी झालं. या दोघांपुढे मी गावाकडचा एक शब्द कधी काढला नाही. चांगले होते हो दोघं, पण मी आपला तिघांतला तिसरा... बोलावलं तर जेवायला जाणार, नाही बोलावलं तर खोलीत मॅगी.

ऑगस्टच्या सुट्टीत केतकीला माद्रिदहून लिमाचं स्वस्त तिकीट सापडलं. पेरूची राजधानी, अवाढव्य शहर, आणि आम्ही कडके विद्यार्थी. आठ जणांच्या खोलीतले बंक बेड, दुपारी बाजारातलं जेवण, टॅक्सीचं नाव काढायचं नाही. सिमकार्डसुद्धा तिघांत एकच — केतकीच्या फोनमध्ये. आम्ही दोघं तिच्या हॉटस्पॉटवर. तिच्यापासून लांब गेलं की संपर्क तुटला.

चौथ्या दिवशी बाराच्या सुमारास समुद्राकडे जायला निघालो. तिथल्या मिनीबस म्हणजे थेट आमच्याकडचं वडाप. कंडक्टर दारात लटकून ओरडतोय, माणसं कोंबलेली. हे दोघं आत, मी दारात. एका स्टॉपवर लोकांना उतरायला वाट द्यावी म्हणून मी खाली पाय टेकला... कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली आणि बस निघून गेली.

मी धावलो. "निखिल, निखिल" म्हणून ओरडलोही. मग विचार केला, पुढच्या स्टॉपला उतरून येतीलच मागे. तिथंच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तासभर बसलो. कुणी आलं नाही.

मग चालत निघालो, मोडक्या स्पॅनिशमध्ये हॉस्टेलचा रस्ता विचारत. तिकडे ऑगस्टमध्ये हिवाळा, दिवसभर सूर्य नाही, पातेल्यावर झाकण ठेवावं तसं आभाळ. एका बाजारात सूप प्यायलो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाई माझ्याशी भरभरून काहीतरी बोलत होत्या, मी नुसता "सी, सी", म्हणजे हो हो, करत होतो. एवढ्या मोठ्या शहरात मला नावानं ओळखणारी दोनच माणसं, आणि ती मला शोधत नव्हती. खरं सांगतो, एका गल्लीत उभं राहून मी रडलो. नंतर राग आला. काय काय बोलायचं ते पाठ करत संध्याकाळी सहाला हॉस्टेल गाठलं.

दारात पाऊल टाकतोय तोच मागून दोघं हसत हसत आले.

"अरे, तू आमच्या आधी कसा?" केतकी म्हणाली. "पाणी आणायला कोपऱ्यावर गेलास ना आत्ता?"

"कोपऱ्यावर? मी दुपारपासून एकटा फिरतोय. बसमधून खाली राहिलो ते दिसलं नाही तुम्हाला?"

"गप रे. दिवसभर हसवून हसवून मारलंस, आता हे नवीन."

तिनं फोन पुढे केला. समुद्र, उंच कडा, कठडा. सगळ्या फोटोंत ती आणि निखिल, दोघंच.

"यात मी कुठाय?"

"तूच काढलेस ना सगळे."

एका फोटोत निखिल सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. इतकं आपलेपणानं माझ्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. वाटेवरच्या कुणीही काढला असेल तो फोटो, मान्य. पण निखिल हळूच म्हणाला, "तुझं गावाकडचं बोलणं भारी आहे रे. आधी का नाही बोललास असं?"

"काय बोललो मी?"

"मी हाय न्हवं हितं," तो म्हणाला. त्याच्या पुणेरी तोंडाला ते काही जमेना, पण शब्द तेच. आमच्या घरी असंच बोलतात.

मी हे चेष्टेवारी नेलं. चेष्टा दोन दिवसांत संपते. ही संपली नाही.

जर्मनीत परतल्यावर वर्षभरात पांगापांग झाली. केतकी गार्चिंगला रिसर्चला, निखिल लुडविग्सहाफेनला केमिकल प्लांटवर, मी इथेच. निखिल दर रविवारी मला फोन करायला लागला. एकदा म्हणाला, "त्या दिवशी त्या कठड्यापाशी मी परत न येण्याच्या विचारात होतो. थिसिस नापास झालेला, घरी सांगितलं नव्हतं. केतकी लांब गेली होती, आणि तू शेजारी येऊन बसलास. तू जे बोललास ना... त्याच्या जिवावर उभा आहे मी अजून."

मी "हं" म्हणालो. काय म्हणणार? तो मी नव्हतो म्हणालो आणि त्याचा आधारच सुटला तर? पुढची दोन वर्षं मी प्रत्येक रविवारी "हं" म्हणत राहिलो. मी नेमकं काय बोललो होतो, हे विचारायचीही हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात मात्र असह्य झालं. आयतं श्रेय घेत जगणं बरं नव्हे. ट्रेन पकडून लुडविग्सहाफेनला गेलो. ऱ्हाइनच्या काठी बाकावर बसून त्याला सगळं सांगितलं — बस, पायरीवरचा तास, सूप, रडलो तेही. "निखिल, तो मी नव्हतो रे."

तो दचकला नाही. "तर मग, आलास शेवटी," म्हणाला. "हे होणार असंही सांगितलं होतंस तू."

"काय सांगितलं होतं?"

निखिल नदीकडे बघत म्हणाला, "फुडं कदीतरी मीच यिऊन तुला सांगीन, त्यो मी न्हवतो म्हणून. तवा माझं ऐकू नगंस."

या वेळी त्याचा एकही उच्चार चुकला नाही. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "चल, वरणभात लावलाय," म्हणाला.

आता कुणाला पटवू? केतकीचं म्हणणं, मला उन्हाचा झटका बसला असेल. त्या दिवशी ऊन नव्हतंच. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि कुणाकडे असेल असं वाटतही नाही. भीती केव्हाच गेली. आता हेवा वाटतो, हे कबूल करतो.

आजही रविवार आहे. थोड्या वेळानं निखिलचा फोन येईल, मी उचलीन, आणि तो मन मोकळं करील. तो ज्याच्याशी बोलतो, त्याला मी कधी भेटलेलो नाही.