सांबाराचं गाठोडं

ओल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आला की अजून माझी मान खाली जाते. माझ्याच वयाची एक छोटी गाडी मी हौसेनं घेतली होती आणि अनसिंगहून वाशीमला कामावर रोज तिनंच जायचं, असा हट्टही धरला होता. एका सकाळी ती वाटेतल्या फाट्यावर बंद पडली. तिथं भाजी पिकवणारं एक म्हातारं जोडपं ऑटोची वाट पाहत उभं होतं. "काकाजी, जरा धक्का मारता का? चालू झाली की बसा, बाजारात सोडतो," मी म्हणालो. "काहून नाही मारनार? आमाले बी बाजारच गाठाचा हाय," काकाजी हसले. मावशींनी सांबाराचं ओलं गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं, चपला बाजूला काढल्या आणि दोघं गाडी ढकलायला लागले. दोन गचके देऊन इंजिन चालू झालं आणि मी थांबलोच नाही. थांबलो तर पुन्हा बंद पडेल, असं स्वतःला सांगितलं. खरं तर गाडी मस्त चालत होती, मला उशीर होत होता. आरशात काकाजी मागून पळताना दिसले, आणि उघड्या काचेतून मावशींचा आवाज आला, "धावू नका वो, थांबन तो पुढं!" संध्याकाळी बायकोनं त्या सांबाराच्या वड्या केल्या. मी चार खाल्ल्या. आता बॅटरी नवी आहे, गाडी एका किल्लीत चालू होते. पण तो फाटा जवळ आला की मी आधी काच वर करून घेतो.