टँकरचं गाणं आणि आईचा खण

आमच्या आईचं एक ठाम म्हणणं होतं. ज्याला बक्षीस पडलं ते गाणं, बाकी सगळं वरडणं. त्या हिशोबानं मी तिच्या लेखी वर्षानुवर्षं वरडतच होते, कारण तिनं माझा एकही कार्यक्रम बघितला नव्हता. ती राहायची जत तालुक्यातल्या एका वस्तीवर, दहा शेळ्या घेऊन. मी लग्न करून आले कराडला लागून असलेल्या मलकापूरला. "एकदा कार्यक्रमाला ये की गं," म्हटलं की विचारायची, "येते. शेळ्यास्नी तिकीट कोण काढणार?"

मलकापुरात आमची चौघांची गायन पार्टी होती. आमचे हे पेटीवर, धाकटी जाऊ ढोलकीवर, ह्यांचे चुलतभाऊ टाळ वाजवायला आणि गाणी रचून म्हणणारी मी. माझं शिक्षण चौथीपर्यंत. भाकरी थापताना ओळ सुचली की पिठाच्या हातानंच कॅलेंडरच्या मागं लिहायची. महिना संपला तरी कॅलेंडरचं पान टाकायचं नाही, त्याच्या मागं गाणं असायचं. आमच्या घरात कुणी तारीख विचारली तर मी आधी चाल म्हणून दाखवायची.

आता ह्या चुलतदिरांबद्दल सांगितलंच पाहिजे. ते फौजेतनं रिटायर होऊन आलेले. टाळ बेताचा वाजवायचे, पण त्यांचं खरं काम पुकाऱ्याचं. म्हणजे कसं, गाणं चालू असताना कुणी बक्षीस दिलं की माझ्या जावेनं ढोलकीवर एक जोरदार थाप मारायची, गाणं आहे तिथं थांबायचं, दिरांनी उठून सावधानमध्ये उभं राहायचं आणि देणाऱ्याचं नाव पुकारायचं. "अमक्यांच्याकडून पार्टीला एक नारळ, पार्टी आभारी आहे!" की लगेच गाणं पुढं, जिथं तोडलं तिथनंच. 'पदर'वर थांबलो असलो तर 'खोवला'पासनं सुरू.

एका गावात एका आजोबांचा नारळ पुकारायचा राहून गेला. कार्यक्रम संपल्यावर आजोबा आमच्या जीपपुढं मांडी घालून बसले. "माझा नारळ काय मुका हुता व्हय?" शेवटी दिरांनी रस्त्यात उभं राहून तो नारळ तीन वेळा पुकारला, तेव्हा आजोबा उठले. त्या दिवसापासनं दिरांनी कुणाची सुपारीसुद्धा सोडली नाही.

नव्वदनंतरचा तो काळ. जो तो कॅसेट काढत होता. आमचा जयंतीचा कार्यक्रम ऐकून सांगलीजवळच्या माधवनगरचे एक रेकॉर्डिंगवाले मागं आले. म्हणाले, "मावशी, तुमचं ते टँकरचं गाणं टेप करूया." ते गाणं मी आईवरच रचलं होतं. आमच्या वस्तीवर पाण्याचा टँकर आला की आई जशी उठायची, तशी लढाईलासुद्धा कुणी उठत नसेल.

आला गं टँकर, उडाला धुरळा,
आमच्या आईनं पदर खोवला!
हंडा म्हणं घागरीला, नंबर माझा पैला,
आईनं दिला धक्का, हंडा उताणा झाला!

माझ्या मनात एकच. आई गाण्याकडं येत नाही, तर गाणं आईकडं न्यायचं. पण ते असं स्वच्छ झालं पाहिजे, की तिला नाव ठेवायला जागा राहू नये.

चौघं एसटीनं निघालो. पेटीला सीट मिळाली, ह्यांना नाही.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जुन्या मागाच्या कारखान्यातला एक कोपरा. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. जाऊ वरपासनं खालपर्यंत बघत राहिली. "आक्का, एवढी अंडी खाल्ली कुणी?"

"गायकांनी," हे म्हणाले. "आवाज सुटावा म्हणून."

ती दिवसभर ते खरं धरून बसली.

भिंतीपलीकडं कापडाचे माग चालू होते, खटाक खटाक. रेकॉर्डिंगवाल्या दादांनी सांगितलं, "लाइट असली की माग चालतात, गाणं होत नाही. लाइट गेली की माग थांबतात, पण माझं मशीनबी थांबतं."

"मग तुमी गाणी कवा टेप करता?" मी विचारलं.

"कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत. अर्धा तास. गाणं मधी मोडलं की पयल्यापासनं."

भोंगा झाला, माग थांबले. लाल दिवा लागला. आम्ही सुरू केलं आणि अगदी छान चाललं होतं हो. तेवढ्यात हॉटेलचा माणूस दार ढकलून पाच कप चहा ठेवून गेला. जावेच्या हातानं आपसूक थाप मारली. दीर ताडकन उभे. "रेकॉर्डिंगवाल्या साहेबांच्याकडून पार्टीला पाच कप चहा, पार्टी आभारी आहे!" आणि आम्ही शहाण्यासारखं पुढं 'खोवला'पासनं सुरू केलं.

दादांनी मशीन बंद करून डोकं धरलं. "फौजी, आवो टेप चालू हाय!"

"म्हणूनच मोठ्यानं पुकारलं," दीर म्हणाले.

दुसऱ्यांदा सुरू केलं. मध्यावर माझा घसा खरखरायला लागला. दादांनी काचेपलीकडनं बघितलं, पाय न वाजवता आत आले आणि खडीसाखरेची पुडी माझ्यापुढं धरली. थाप! दीर उभे! "वहिनींच्या घशासाठी खडीसाखर..."

"आवं भाऊजी, बसा की खाली!" मी वरडले. तेही टेप झालं.

आता राहिली होती दहा मिनिटं. मला रडायला यायला लागलं. हे गाणं आज झालं नाही तर आईच्या लेखी मी कायमची वरडणारी. ह्यांनी पुडी उचलली, सगळी खडीसाखर चुलतभावाच्या तोंडात कोंबली आणि म्हणाले, "चावायची न्हाई. गिळायची न्हाई. हा हुकूम हाय." दिरांनी फुगलेल्या गालांनी मान डोलावली. हुकूम म्हटल्यावर त्यांचा इलाज नसायचा.

तिसऱ्यांदा मात्र गाणं लागलं. असं लागलं म्हणून सांगू, की मला अंड्यांचे ट्रे दिसेनात, वस्तीवरचा धुरळाच दिसायला लागला. टँकर आला, हंडा उताणा झाला, आई पहिली घागर घेऊन निघाली. शेवटचं कडवं आलं. काचेपलीकडं दादा मान डोलवत होते. तेही मूळचे आमच्या जतकडचेच, त्यांचीही आई टँकरमागं पळालेली असणार. कसं काय झालं कोण जाणे, ते उठले, आत आले आणि दहाची नोट पेटीवर ठेवून हात जोडले.

थाप! जाऊ तरी काय करणार?

सगळं थांबलं. दीर उभे राहिले, पण तोंड भरलेलं. "म्म्म," एवढंच आलं. डोळे माझ्याकडं. नोट पेटीवर पडलेली, पुकारा नाही. मला जीपपुढचे ते आजोबा आठवले. आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "रेकॉर्डिंगवाल्या दादांच्याकडून पार्टीला दहा रुपये बक्षीस, पार्टी आभारी आहे!" पुढचा श्वास घेऊन मी कडव्याची राहिलेली अर्धी ओळ म्हटली. त्याच वेळी भोंगा झाला आणि माग सुरू झाले. खटाक खटाक, आमच्याच ठेक्यात.

वेळ संपली. जे झालं तेच कॅसेटवर. दादा दहा वेळा म्हणाले, "मावशी, चूक माझीच." मी परतीच्या गाडीत ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि ह्यांची तर ह्यात काही चूकही नव्हती.

पंधरा दिवसांनी ती कॅसेट घेऊन मी एकटी जतला गेले. शेजारच्या घरातनं टेप मागून आणला. त्याचे सेल उतरलेले, म्हणून ते उन्हात वाळत घातले, पापडासारखे. आई शेळ्यांना पाला टाकत म्हणाली, "एवढं शिजवायला लागतंय व्हय तुझं गाणं?"

सेल तापले, टेप लागला. आई उंबऱ्यावर बसली, तोंडावरची माशी हलू न देता. हंडा उताणा झाला तेव्हा तेवढी बोलली, "म्या कवा ढकललं? त्यो हंडाच हलका हुता."

शेवटचं कडवं जवळ यायला लागलं तशी मी टेपच्या बटणापाशी सरकले. वाटलं, त्या पुकाऱ्याच्या आधी बंद करावा. पण आईनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे."

आणि आला की पुकारा. दहा रुपये बक्षीस. पार्टी आभारी आहे. मी मान खाली घातली.

"पोरी," आई म्हणाली, "तुला बक्षीस पडलं?"

"पडलं."

"परक्या माणसानं दिलं? सोयरा न्हवं?"

"परक्यानं."

आई उठली. पत्र्याची ट्रंक उघडली. देण्याघेण्यासाठी ठेवलेला एक हिरवा खण काढला, त्यावर मूठभर ज्वारी घातली, आणि दोन्ही हातांनी नेऊन ठेवला. माझ्यापुढं नाही, टेपपुढं. मग मागं सरून हात जोडून उभी राहिली. टेपमधनं मागांची खटाक खटाक तेवढी येत होती.

आईनं थोडी वाट बघितली. मग तिचा चेहरा फिरला. "ही टेपमधली माझं नाव घेत न्हाई गं! दहा रुपयाला नाव आन माझ्या खणाला काय न्हाई?"

"आई, त्यो टेप हाय. त्याला दिसत न्हाई."

"तुला दिसतंय न्हवं?"

मी बटण दाबलं. टेप थांबला. अंगणात उभी राहिले, दिरांसारखी सावधानमध्ये, आणि शेळ्यांनी माना वर कराव्यात एवढ्या मोठ्यानं पुकारलं, "गाणारणीच्या आईच्याकडून पार्टीला एक खण आणि मूठभर जोंधळे, पार्टी आभारी आहे!"

आईनं चारी बाजूंना बघून घेतलं, शेजारणींनी ऐकलं की नाही ते. मग खाली बसली आणि म्हणाली, "लाव परत. पयल्यापासनं."

मी खण उचलून मांडीवर घेतला आणि टेप लावला. टँकर आला, धुरळा उडाला, हंडा उताणा झाला. बक्षिसाची जागा आली तशी आई उठली, माझ्या मांडीवरचा तोच खण उचलला आणि पुन्हा टेपपुढं नेऊन ठेवला.

"हां," ती म्हणाली, "थांबीव आता."