रंग चढावा म्हणून मारलेली थाप

भावसिंगपुऱ्यात रत्नमालाचं घर शोधायला पत्ता लागत नाही. दारापुढच्या तारेवर सुताच्या ओल्या लड्या लोंबताना दिसल्या की समजायचं, हेच ते. घर दीड खोलीचं आणि त्यात फर्निचर मात्र शंभर माणसांचं. वेताच्या खुर्च्या, सोफे, झोपाळे, पाळणे, सगळं आहे, पण खुर्ची काडेपेटीएवढी आणि पाळणा मुठीत मावेल असा. महालक्ष्म्यांपुढं मांडायला बाया घेऊन जातात. एवढ्याशा खुर्चीला खरा वेत चालत नाही, तो वाकता वाकता मोडतो. म्हणून रत्नमाला तारेचा सांगाडा करते आणि त्यावर सूत विणते. सूत वेतासारखं दिसायचं तर रंग तसा पाहिजे, आणि रंगाच्या बाबतीत ही बाई महाहट्टी. बाजारातली पुडी आणून उकळली की झालं, असं कुणी म्हणालं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

तिची रीत अशी. सूत आधी सोड्याच्या पाण्यात उकळायचं. मग दिवसभर हिरड्याच्या पाण्यात ठेवायचं. मग मोरीजवळच्या मातीच्या मडक्यातल्या काळ्या पाण्यात बुचकळायचं आणि शेवटी कातात. वर्षानुवर्षं कचेरीत झिजलेल्या खुर्चीचा वेत जसा दिसतो, अगदी तसा काळपट तपकिरी रंग. मडक्यात असायचं पाणी, गूळ आणि गंजलेले खिळे. दोन-तीन आठवडे ते आंबायचं, फेस धरायचं, दुपारच्या शांततेत आपलं आपण बुडबुडायचं.

खिळे तिच्या नवऱ्याच्या पेटीतले होते. राजकुमार कचेऱ्यांमधून वेताच्या खुर्च्या विणत फिरायचा. अकरा वर्षांपूर्वी "बिडकीनकडं काम निघालंय, बघून येतो" म्हणून घरातून निघाला, तो आलाच नाही. पोलिसात तक्रार झाली, फोटो चिकटवून झाले, देशभरातल्या पाहुण्यांना फोन झाले. "माणूस गेला, खिळे ठिवून गेला," असं रत्नमाला हसून सांगायची. ऐकणाऱ्याला मात्र हसू यायचं नाही.

यंदा ऐन श्रावणात मडकं बिघडलं. सूत काळं होईना. राखाडी, पोतेऱ्यासारखं बाहेर यायला लागलं. तिनं गूळ बदलला, हिरडा बदलला, मडकं उन्हात नेऊन ठेवलं, तीन वेळा सूत वाया घालवलं. महालक्ष्म्या महिन्यावर आलेल्या आणि गुलमंडीच्या दुकानाला कबूल केलेले साठ पाळणे अजून नुसत्या तारेचे. शेवटी हात टेकले आणि ती बेगमपुऱ्यात जैबुन खालाकडं गेली. खालाचं माहेर जुन्या रंगरेजांचं. 

खालानं राखाडी सूत बोटांत चोळलं आणि ती खुदकन हसली. "माठ रूठ गया, बेटा. हमारे नाना का नील का माठ बिगडता तो वो एक झूट उडाते थे. झूट घर घर फिरता, माठ सुधर जाता."

"कसलं झूट?"

"ऐसा, जिस पे तुमकोच यकीन नइं आता. हल्का-फुल्का झूट नइं चलता. और सुनो, सूत सूखने तक सच नक्को बोलना. रंग उतर जाता."

आता रत्नमालाचं घर म्हणजे दाराला लिंबू-मिरचीसुद्धा न बांधणारं. भिंतीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. असल्या खुळ्या गोष्टींना तिथं थारा नाही. पण तीनदा वाया गेलेलं सूत माणसाला काय काय करायला लावतं बघा. दुसऱ्या दिवशी फोटोकडं न बघताच ती हंडा घेऊन नळावर गेली.

विद्यापीठाच्या माळावर बिबट्या दिसला, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. रस्ताभर घोकलंही होतं. पण खालाचं ते वाक्य डोक्यात घोळत होतं, जिस पे तुमकोच यकीन नइं. बिबट्या काय, दिसूही शकतो. बायांच्या घोळक्यात तिनं तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"आमच्या ह्यांना वैजापूरच्या स्टँडवर कुणीतरी पाह्यलं म्हणं."

नळाखाली भरलेले हंडे तसेच वाहत राहिले. पण बोललेलं काय परत गिळता येतं?

आणि काय सांगू, मडकं सुधारलं! दुसऱ्या सकाळी बोटभर फेस आला होता. सूत बुडवलं, वर काढलं, ते काळंभोर. कातातून निघालं तेव्हा तर तिला राजकुमारच्या हातचा वेतच आठवला. तिचा जीव भांड्यात पडला, म्हणजे खरं तर मडक्यातच पडला. ऊन-पाऊस, गुळाचा कमी-जास्तपणा, काय असेल ते असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मडक्याकडं पाठ करून बसायला मात्र तिला भ्या वाटू लागलं. आतलं पाणी बुडबुडलं की कुणीतरी बोलायच्या आधी घसा साफ करतंय असं वाटायचं.

संध्याकाळपर्यंत थाप घरी पोचली. घरी सासू होती, मुक्ताबाई, सत्याहत्तर वर्षांची. दहा वर्षं ही बाई रोज मुलाच्या वाट्याची भाकरी झाकून ठेवत आली होती. गेल्या वर्षी रत्नमालानं रागावून, रडून ते बंद करायला लावलं. तेव्हापासून म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसायची, चार घास खायची, बोलायची नाही. तीच म्हातारी आज उठून दारात उभी.

"खरं हाय का गं? दिसला व्हय माझा राजू?"

तारेवर सूत ओलं होतं. वाळू दे, मग सांगते, असं रत्नमालानं मनाशी म्हटलं आणि बोलली, "लोकं म्हणत्यात, आत्याबाई." हीच तिची चूक. तीन दिवस झडीचा पाऊस लागला, सूत वाळायचं नाव घेईना. आणि तेवढ्या तीन दिवसांत म्हातारी पार बदलली. न्हायली, डोक्याला तेल लावून घेतलं, आणखी अर्धी भाकरी मागून खाल्ली. चौथ्या दिवशी सूत खडखडीत वाळलं, पण आता सांगायचं कुठल्या तोंडानं? खरं सांगावं तर म्हातारी मोडून पडणार. न सांगावं तर वाट बघत बघत मरणार. रत्नमालानं तोंडाला कुलूप लावलं आणि पाळणे विणायला बसली.

संध्याकाळी पुन्हा एक भाकरी झाकलेली दिसली. या वेळी ती रागावली नाही. रागवायला तोंड कुठं होतं तिला?

पुढं मुक्ताबाई दर बुधवारी दौलताबादला भाचीकडं जायला लागली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, तेव्हा कुणी अडवायचा प्रश्नच नव्हता. जाते तर जाऊ दे, जीव रमतो, असं रत्नमालाला वाटायचं. 

महालक्ष्म्या आल्या, गेल्या, पाळणे दुकानात पोचले. आणि एका मंगळवारी बन्सी आला. बन्सी म्हणजे राजकुमारचा चुलतभाऊ, कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. "जयभीम वैनी" म्हणाला आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"वैनी, दादा वैजापुरातच हाय. मोंढ्यातला हमाल सांगत व्हता. स्टँडवर येतो म्हणं. खुर्च्या इणणारा माणूस, डोळे घारे, उजव्या करंगळीला चिंधी बांधलेली."

रत्नमालानं हातातली तार खाली ठेवली.

आपलीच थाप गावभर फिरून घरी आली, एवढं तिला कळत होतं. घारे डोळे कुणीही सांगेल, फोटोत दिसतात. पण चिंधी? वेत ओढताना करंगळी कापायची म्हणून राजकुमार त्या बोटाला चिंधी गुंडाळायचा. ते ना फोटोत होतं, ना तक्रारीत. नळावर तर तिनं एका वाक्याच्या पुढं शब्द काढला नव्हता. मग थापेच्या बोटाला चिंधी बांधली कुणी? बन्सी गेल्यावर ती मडक्यापाशी गेली. पाणी निपचित होतं. तरी तिनं वाकून आत बघितलं आणि हळूच विचारलं, "तुमी हाय का वो?" 

वेडी झाली होती का? नाही. अकरा वर्षं शहाणी राहून ती थकली होती.

बुधवारी म्हातारी सकाळच्या पहिल्या गाडीला निघून गेली. तासाभरानं रत्नमालानंही दाराला कडी घातली आणि वैजापूरची एसटी पकडली. वाटेत शंभरदा स्वतःला शिव्या घातल्या. अगं, तूच मारलीस ना थाप? तुझ्याच तोंडातून निघाली ना? व्हय. मग कुठं निघालीस? खिडकीच्या गजावर तिची बोटं होती, नखं मडक्यातल्या काळ्या रंगानं माखलेली, आणि प्रत्येक फाट्यावर उभ्या माणसाचा हात ती बघत होती.

वैजापूरच्या स्टँडवर उतरली ती थेट चहाच्या टपरीवर. "भाऊ, करंगळीला चिंधी बांधलेला एक माणूस..."

"राजकुमार ना? खुर्च्या इणणारा?" टपरीवाला पटकन म्हणाला.

ती पुढं वाकली. "तुमी पाह्यलं त्यांना?"

"मी कुठं पाह्यलं, ताई. ती आजी सांगती ना. दर बुधवारी येती, त्या तिथल्या बाकावर बसती. हमाल, कंडक्टर, भेळवाला, समद्यांना सांगून ठिवलंय तिनं. घारे डोळे, करंगळीला चिंधी. आता सगळा स्टँड वळखतो त्याला, फक्त येतच नाय तो."

रत्नमाला वळली. नळावरून पाण्याची बाटली भरून, एका हातानं भिंत धरत धरत मुक्ताबाई येत होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत फडक्यात बांधलेली भाकरी. सुनेला बघून ती जागच्या जागी थबकली. दौलताबादच्या भाचीचं नाव दोघींपैकी एकीनंही काढलं नाही.

"आत्याबाई," रत्नमाला म्हणाली, "मला काहीतरी सांगायचंय तुमाला. ते नळावर मी..."

म्हातारीला ऐकूच गेलं नाही. तिचा चेहरा असा उजळला होता, की अकरा वर्षांत सुनेनं तो तसा पाहिला नव्हता.

"आज शेवटची आले व्हते गं रत्ना. म्हणलं, पुरं झालं, लोकं उगं काहीबाही बोलत्यात, उद्यापासून भाकरी बी नाय ठिवायची." तिनं सुनेचं काळं पडलेलं बोट घट्ट धरलं. "पण तू आलीस. तू तर कशावर इसवास ठिवायची नाय. तू आलीस म्हंजे खरंच दिसला असंल तो."

रत्नमालाच्या ओठांवर खरं आलं होतं. ते तिथंच राहिलं.

मुक्ताबाई बाकावर सरकली आणि शेजारची जागा पदरानं पुसली. "बस इथं. नाशिकची गाडी यायची हाय अजून."

रत्नमाला बसली. थोड्या वेळानं गाडी आत आली, दार उघडलं, आणि उतरणाऱ्या एकेका माणसाची करंगळी तीही बघायला लागली.