डोकेदुखीचं वाण

गुलाबपाण्याचा वास आला की मला ऐंशी सालच्या आसपासची, लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत आठवते. पंचवटीतल्या आमच्या बोळात समोरच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, अशी मी सासूबाईंबरोबर गेले. दिवेलागण झाली होती आणि खोलीत पंधरावीस बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. काकूंनी कुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, तिळगूळ दिला, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात डोकेदुखीच्या गोळ्यांची एकेक पट्टी ठेवली, दुकानात कुणालाही चिठ्ठीशिवाय मिळायची तसली. मला गंमत वाटली, म्हणून मी हसले. बाकी कुणीच हसलं नाही. चहा आला तशी खोलीभर चंदेरी कागद फाटल्याची चरचर झाली, आणि साड्यांबद्दल बोलता बोलताच, एकमेकींकडे न बघता, सगळ्यांनी एकेक गोळी चहाबरोबर गिळली. सासूबाईंनीसुद्धा. त्यांचं डोकं दुखतं असं मी घरी कधी ऐकलंच नव्हतं. “काकू, माझं नाही हो डोकं दुखत,” म्हणत मी पट्टी परत द्यायला गेले, तर त्यांनी आपल्या गार हातांनी माझी मूठ मिटली. “आमचं तरी कुठे दुखतं गं?” त्या अगदी मायेने म्हणाल्या, “एखाद दिवशी नाही घेतली, तरच दुखतं.” यंदा माझ्या सुनेची पहिली संक्रांत. मघाशी चहाबरोबर मी गोळी घेतली, तेव्हा तिने काळजीने विचारलं, “आई, डोकं दुखतंय का?” मी म्हटलं, “नाही गं.”