कानडी बोलणारा रेडिओ आणि टीव्हीतला जुळा भाऊ

दुकानात काम करणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप जमतात. त्याला काही करावं लागत नाही, नुसतं काउंटरच्या आत उभं राहायचं! भाजी घ्यायला आलेलं माणूस भाजी घेऊन जातं. पण रेडिओ, मिक्सर असली नवी वस्तू घ्यायला आलेलं माणूस आधी घरातलं सगळं सांगतं आणि मग वस्तूकडं बघतं.

सत्तर-पंचाहत्तर सालानंतरची ही गोष्ट. सोलापूरला नवी पेठेत मल्लिनाथअण्णांचं रेडिओचं दुकान होतं, तिथं मी सेल्समन होतो. अण्णा घरात कानडी बोलत, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम! संध्याकाळी शेजारचे बशीरचाचा शिलाई मशीन झाकून यायचे, रिटायर झालेले पाठक मास्तर छत्री टेकत यायचे, आणि मग गिऱ्हाईकाला सल्ला द्यायला आम्ही एकाला चार व्हायचो.

एकदा बार्शीहून एक जोडपं आलं. नवरा तिथल्या अडतीत कामाला. बायको नवी नवरी, मान खाली घालून उभी.

"रेडू पायजे," तो म्हणाला. "पर कानडी बोलनारा."

मला हसू आलं. अण्णांनी डोळे वटारले आणि विचारलं, "कानडीच का हो?"

"ही अक्कलकोटाकडची. आमच्या घरात कुनालाच कानडी येत न्हाय. दिसभर गप बसती. लई वंगाळ वाटतं बगा."

अण्णांनी ट्रान्झिस्टर काढला आणि धारवाड केंद्र लावलं. एक बाई कानडीत काहीतरी सांगत होती. त्या पोरीनं झटकन मान वर केली आणि थेट रेडिओलाच उत्तर दिलं, "हौदु, हौदु!" म्हणजे हो, हो!

मग अण्णाही तिच्याशी कानडीत बोलायला लागले. ती जी सुरू झाली ती थांबेचना! नवरा आ वासून बघतच राहिला. "एवढं बोलती व्हय ही?"

काही महिन्यांनी तो रेडिओचे सेल घ्यायला आला. मी विचारलं, "काय, कसा चाललाय रेडिओ?"

"रेडू ब्येस हाय. पर आता आमची आई कानडी शिकायलीय."

"त्या कशाला?"

"सून त्या डब्यासंगट खिदळती, ते आपल्यालाच हसती का काय, ते कळाय पायजे म्हनती!"

मिक्सर तेव्हा नवीन होता आणि बायकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. एक काकू सुनेला घेऊन आल्या. सुनेला मिक्सर हवा होता, काकूंना नको होता.

"शेंगाचटणी उखळातच कुटायला पाहिजे," काकूंनी ठणकावलं. "त्याशिवाय तेल सुटत नाही. हे यंत्र नुसता भुगा करतंय."

सूनबाई माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती, जणू तिचं उरलेलं आयुष्य माझ्या हातात आहे! पण अण्णा मला बाजूला सारून स्वतः पुढं झाले. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट भांड्यात घातलं आणि ऐटीत बटण दाबलं.

झाकण धरायचं राहिलं.

एका सेकंदात अण्णांचा पांढरा शर्ट लाल! भिंत लाल, काउंटरची काच लाल. वर पंखा फिरत होता, त्यानं उरलेली चटणी पाठक मास्तरांपर्यंत पोचवली. सूनबाई रडकुंडीला आली. आता कसला मिक्सर आणि कसलं काय!

काकू शांतपणे पुढं झाल्या. अण्णांच्या बाहीवरची चिमूटभर चटणी उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"तेल सुटलंय," त्या म्हणाल्या. "मीठ कमी आहे. बांधा!"

टेपरेकॉर्डरची तर वेगळीच तऱ्हा. एक साहेब, मोठ्या कचेरीतले, टेपरेकॉर्डर ट्रायलला घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तणतणत परत आले. मागून त्यांच्या बाई, अगदी प्रसन्न.

"डिफेक्टिव्ह माल देता का?" साहेब कडाडले. "मी यात काही भरलेलं नाही आणि लावलं की नुसती घरघर! मोटर गेलीय!"

आमचा मेकॅनिक नरसय्या यानं कॅसेट लावली. घर्र... फूस... घर्र... फूस... मध्येच बांगड्या वाजल्या आणि बाईंचा हळू आवाज आला, "झालं, आता पुरावा झाला."

दुकानात कुणी कुणाकडं बघेना. साहेब खाली बघत म्हणाले, "पॅक करा."

बाई म्हणाल्या, "ती कॅसेट मात्र माझ्याकडं द्या हं!"

मग टीव्ही आला. म्हणजे दुकानात आला, सोलापुरात आला नव्हता! प्रक्षेपण पुण्यापर्यंत, आपल्याकडं नुसत्या मुंग्या. तरी एक वकिलीणबाई हटून बसल्या, कारण पुण्याच्या जावेनं घेतला होता. अण्णा सरळ माणूस. त्यांनी तीनतीनदा सांगितलं, "वहिनी, इथं काही दिसणार नाही."

"दिसू दे नाहीतर न दिसू दे. दिवाणखान्यात दिसला म्हणजे झालं!"

पुढं मी त्यांच्या घरी पंखा बसवायला गेलो. टीव्हीवर भरतकामाचं झाकण होतं, झाकणावर फुलदाणी होती आणि समोर पाहुण्या बसल्या होत्या. एक जण म्हणाली, "लावा की हो जरा!"

वकिलीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "आम्ही नाही बाई लावत. मुलांचा अभ्यास बुडतो!"

त्यानंतर अण्णांना चेव चढला. "पुण्याचं चित्र सोलापुरात आणून दाखवतो," म्हणाले. नरसय्यानं गच्चीवर पाइपाला पाइप जोडून उंच अँटेना उभा केला. तो गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं! गेलं! जरा डावीकडं! अरे, तुझ्या डावीकडं!"

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी खरंच चित्र आलं. नाटक चालू होतं. रस्त्यावर ही गर्दी! फक्त एकच भानगड होती. प्रत्येक माणसाच्या मागं त्याचीच पुसट सावली, अर्ध्या हातावर उभी. पण ही लांबून येणाऱ्या लहरींची करामत आहे, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाठक मास्तर चष्मा पुसून पुसून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "नायक कामाचा आहे. पण ह्याचा जुळा भाऊ सारखा मागं का उभा? एक अक्षर बोलत नाही! लेखकानं हे पात्र घातलंच कशाला?"

नायकानं खलनायकाच्या थोबाडीत मारली. बशीरचाचा उडालेच, "अरे वा! एक कू मार्‍या, दो गिरे!"

मग नायिका आली, अर्थात मागं तिची सावली घेऊन. नायकानं तिचा हात हातात घेतला. मास्तरांनी छत्री आपटली. "हे मात्र अति झालं! तिची बहीण मागं उभी आहे, ह्याचा भाऊ मागं उभा आहे. चारचौघांत असं कुणी करतं का?"

आता अण्णांचं सांगतो.

दुकानात दर आठवड्याला रेडिओवरची कौटुंबिक मालिका लागायची. त्यात एक बाप होता. मुलानं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यानं मुलाशी बोलणं टाकलेलं. एका भागात मुलगा दारात आला, बाप दोनदा खोकला आणि म्हणाला, "बाळ, ये!" मागं सतार.

अण्णा भडकले. "खोटं! असा बाप कधी असतो का? दोन खोकल्यांत राग जातो? हे लिहिणाऱ्याला मुलं नसतील!"

मास्तर एरवी प्रत्येक पात्राची चिरफाड करायचे. त्या दिवशी ते चष्मा पुसत बसले. बशीरचाचांनी गळ्यातली मापाची टेप उगाच गुंडाळली. कारण अण्णांचा शिवानंद पुण्याला नोकरीला गेला होता, त्यानं तिथंच परजातीतल्या मुलीशी लग्न केलं होतं, आणि त्यानंतर अण्णांनी दुकानात त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

पुढं एका संध्याकाळी शिवानंद दुकानात आला. सोबत बायको. अण्णा काउंटरला होते. ते उठले नाहीत, ओरडलेही नाहीत. मुलाशी जन्मभर कानडीत बोललेला माणूस, चक्क मराठीत म्हणाला, "या. काय दाखवू?"

शिवानंदचा चेहरा पडला. तो कसाबसा म्हणाला, "कुकर."

नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं अण्णांनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन."

अण्णांनी फळीवरून लहान कुकर काढला. झाकण लावून दाखवलं, शिट्टी दाखवली, रबर कसं बसवायचं ते सांगितलं. मान एकदाही वर केली नाही. मी खोकं आणायला वळणार, तेवढ्यात सूनबाई हळूच म्हणाली, "तीन होणार आहेत."

अण्णांचा हात झाकणावरच राहिला. पाठक मास्तर छत्रीच्या मुठीकडं बघायला लागले.

अण्णांनी लहान कुकर उचलून मागं ठेवला. स्टुलावर चढले, वरच्या फळीवरचा सगळ्यात मोठा कुकर काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"अहो, एवढा मोठा कशाला?" ती म्हणाली.

"कशाला म्हणजे?" अण्णा कडाडले. "आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आल्यावर काय उपाशी बसायचं?"