साडूंनी निवडलेली केबल

माणूस या जगात कशाकशाने मरू शकतो, हे माझ्या साडूंइतकं सविस्तर खुद्द यमालाही ठाऊक नसावं. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात त्यांचं घर आहे, घरामागे केळीची बाग आहे, आणि एवढ्याशा टापूत त्यांना मरणाच्या असंख्य जागा दिसतात. तरुणपणी मोटरच्या स्टार्टरने त्यांना एकदा सणसणीत झटका दिला होता. तेव्हापासून ते धातूच्या कुठल्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावून बघतात. तळवा लावला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो, असं त्यांचं म्हणणं. फ्रिज, कूलर, लोखंडी गेट इथपर्यंत ठीक आहे. पण आमच्या वास्तुशांतीला त्यांनी जेवणाच्या स्टीलच्या ताटालाही पालथा हात लावला, आणि वाढणाऱ्या बाईंना वाटलं, पाहुण्यांना ताटच नको आहे. तळोद्याला आमच्याकडे येताना जीपमध्ये ते दाराशी बसत नाहीत, दार उघडलं तर म्हणून. आणि मधेही बसत नाहीत, वेळेला दार उघडलं नाही तर म्हणून. घराबाहेर पडताना घरातल्या झाडून सगळ्या पिना बोर्डातून उपसतात, आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन त्या उपसलेल्याच आहेत ना, हे बघून जातात. माझी मेहुणी तोपर्यंत रस्त्यात पिशवी घेऊन उभी असते. तिला आता सवय झाली आहे.

अशा माणसाला एकच मुलगी. ती पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवरचं काम करते. घरून काम करायची मुभा मिळाली तशी ती सामान बांधून लोणखेड्याला आली, आणि साडूंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा निर्धास्तपणा पाहिला. तिच्यासाठी त्यांनी बागेच्या कडेला एक खोली बांधली. पण नेटचा डबा होता पुढच्या खोलीत, आणि मधल्या जाड भिंती ओलांडून मागे पोचेपर्यंत नेटचा जीव जायचा. ऐन मीटिंगमध्ये पोरीचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने थिजून राहायचा. शेवटी तिच्या साहेबांनी सांगितलं, महिनाअखेर हे सुधारलं नाही तर पुण्यात येऊन बसा. त्या दिवशी साडूंचा मला फोन आला. एरवी ते फोनवर आधी माझी तब्येत, मग गॅसची नळी विचारतात. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, पोर पुन्याले चालनी जाई." मला थट्टा सुचली नाही.

डब्यापासून पोरीच्या टेबलापर्यंत थेट केबल टाकायची असं ठरलं आणि आम्ही शहाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा मोठे सोशिक. त्यांनी चार नमुने समोर ठेवले. साडूंनी प्रत्येकाला आधी पालथा हात लावला. केबल कशालाही जोडलेली नव्हती, हे सांगून उपयोग नव्हता. मग स्वस्तातल्या केबलची तार पात्याने खरवडायला लावली. "येनामा तांबं शे, का नुस्तं वरथून पानी मारेल शे?" खरवडल्यावर आतून पांढरं अॅल्युमिनियम निघालं, आणि साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते भरलं होतं. ऊन लागून साल फुटेल म्हणून राखाडी केबल बाद झाली. चांदीच्या वर्खासारखं आवरण असलेली एक होती, तिला नीट अर्थिंग करावं लागतं असं चाचा बोलून गेले, त्यावर अर्थिंगवरच बराच वेळ प्रश्नोत्तरं झाली. अखेर अस्सल तांब्याची, बाहेर टाकायची काळ्या सालीची, कॅट सिक्स जातीची केबल ठरली. घराला यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं चाचांनी शपथेवर सांगितलं. तरी निघताना साडू पायरीवर थबकले. "आन येले उंदर लागनात म्हंजे?"

"काका, वायर शे ही, खीर नही," चाचा म्हणाले. "खातीन तवय दखसूत."

चाचांना आणखी काही सांगायचं होतं बहुतेक. पण साडूंनी उंदरांवरून घुशींवर आणि घुशींवरून सापांवर विषय नेला, आणि ते राहून गेलं. घरी येऊन साडूंनी स्वतः केबल टाकली. उंदीर, ऊन, कुदळीचा घाव या सगळ्यांपासून सुरक्षित अशी एकच जागा त्यांच्या माहितीत होती: घरापासून बागेतल्या मोटरपर्यंत त्यांनीच पुरलेला जाड पाइप. मोटरची वायर त्यात होतीच. तिच्या सोबतीला त्यांनी नेटची केबल सारली, पोरीच्या खोलीशी बाहेर काढली आणि पहिल्यांदाच शांत झोपले.

नेट धावू लागलं. पण बागेची मोटर सुरू झाली की पोरीचा चेहरा पुन्हा थिजायचा. साडूंनी मनाशी निष्कर्ष काढला की मोटर नेट ओढते, आणि कुणाला काही न सांगता त्यांनी मोटर लावणंच सोडलं. शेतीची लाइट त्या दिवसांत दिवसाच यायची, म्हणजे नेमकी पोरीच्या कामाच्या वेळी. लाइट यायची, जायची, आणि साडू स्टार्टरकडे पाठ करून ओट्यावर बसून राहायचे. केळीची पानं मिटू लागली, घड वाळायला लागले. मेहुणीने विचारलं तर म्हणायचे, मोटर बिघडली आहे. मी गेलो तेव्हा ती बाग बघवत नव्हती. ज्या माणसाने केळीला वारा लागू नये म्हणून बांधाला साड्या बांधल्या होत्या, तो डोळ्यांदेखत तिला मरू देत होता, आणि त्याला विचारायचा धीर मलाही होईना.

उलगडा पोरीनेच केला. तिने एका सुट्टीला मोटर लावून पाहिली, पाइपाचं तोंड उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आबा, मोटरनी वायर आन हाई वायर एकच पाइपमा टाकी दिन्ही का तुम्ही?"

"तठे उंदर नही जात," साडू म्हणाले.

विजेच्या वायरीला खेटून नेटची केबल टाकली की नेट अडखळतं, चाचांचं सांगायचं राहून गेलं होतं ते हेच. नेटच्या केबलला दुसरा पाइप मिळाला, मोटरच्या वायरीपासून चांगला लांब. बाग निम्मी वाचली. साहेबांची मुदत टळली आणि त्यानंतर नेट एकदाही तुटलं नाही. साडूंच्या केबलला आजवर उंदीर लागला नाही, ऊन लागलं नाही. आणि तरीही वर्ष सरता सरता कंपनीने सगळ्यांनाच परत पुण्याला बोलावलं. नेट चांगलं असो की वाईट. एवढ्या भीती जपून ठेवलेल्या माणसाला नेमकी हीच सुचली नव्हती.

परवा मी लोणखेड्याला गेलो तेव्हा सातपुड्याकडून अवकाळी आभाळ चढून आलं. गडगडाट ऐकताच साडू उठले आणि टीव्ही, फ्रिज, कूलर, मिक्सर, सगळ्या पिना उपसून आले. अंधारल्या खोलीत नेटच्या डब्याचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. मी विचारलं, "हाई कसं ऱ्हाई गयं?"

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ती तठेथून मोबाइलवर दखस, घरनं नेट चालू शे का नही. बंद दिसनं का तिना जीव घाबरस. मन्हावरच गयी ती."

बाहेर वीज कडाडली. साडू दचकले, डब्याला पालथा हात लावून पाहिला, आणि पिनेला न शिवता तिथेच, त्याच्या शेजारी बसून राहिले.